वजन

विश्रामबागेतल्या दुकानात काचेखाली
मखमलीवर पाच मांडलेली,
सराफानं मांडावीत तशीच.
कोगनोळे म्हणाले, वहिनी, लेडीजसाठी हे घ्या,
छोटं आहे, पर्समध्ये मावतंय.
म्हटलं, मी पर्स वापरत नाही.

हातात घेतलं आणि आधी डोळे मिटले.
सवय आहे. सेलमला भट्टीपुढं
बावीस वर्षं काढली आम्ही दोघांनी.
मूस उतरली, लगड निवली, की तळव्यावर घेऊन
काट्याच्या आधी मी सांगायची,
आणि काटा गुंजभरही मला खोटं पाडायचा नाही.
सत्तर तोळे, म्हटलं.
कोगनोळे हसले. पत्रक काढून वाचलं. सातशे ग्रॅम.
मग हसले नाहीत.

सत्तर तोळे कमरेला फार.
दुसरं पंचवीसचं, खेळण्यासारखं,
पण मूठ इतकी आखूड
की करंगळी बाहेर लोंबत राहिली.
तिसऱ्याचा घोडा कडक. तेजाबानं माझी तर्जनी
कधीच बधिर केलीय,
दोनदा नुसती ओढली, तिसऱ्यांदा, टिक.
रिकामं होतं. त्यांनी उघडून दाखवलं होतं मला.
तरी शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरलं.

चौथं बावन्न तोळे.
परत ठेवलं, तेव्हा हात रिकामा वाटला.
तेच घेतलं.

अर्जात कारण लिहिलं होतं : स्वसंरक्षण.
फौजदार म्हणाले, कुणापासून?
काय सांगणार. भिवघाटात ह्यांना ज्यांनी गाडीतून ओढलं
त्यांची तोंडं मफलरीत होती.
एकाला सर्दी झालेली, एवढं हे सांगतात.
सारखा नाक ओढत होता.

क्लबच्या मैदानात मातीचा बांध, पुढं पुठ्ठा.
पहिला बार बांधात.
दुसरा कुठं गेला ते कोगनोळ्यांनाही ठाऊक नाही.
तिसरा कोपऱ्यात, जिथं माणूस काढलेलाच नव्हता.
चौथा त्याच्या खांद्यात लागला
आणि माझ्या तोंडून गेलं, माफ करा.
पुठ्ठ्याला.
कानात शिट्टी. वास तेजाबाचा नाही,
सुहागा उकळतो तसाही नाही.
रात्री भाकरी थापताना तो बोटांना होता.

ह्यांनी हात लावला नाही.
काठी टेकून बघितलं नुसतं, म्हणाले,
त्या टेबलावर नको, तिथं माझी औषधं असतात.

लपवणं मला कुणी शिकवायला नको.
लोणच्याच्या बरणीत तेलाखाली, कणकेच्या गोळ्यात,
धाकटीच्या दुपट्यात,
सेलम ते विटा, दोन रात्री, एक दिवस,
सोनं आणलंय मी, आणि शेजारच्या बाईला
त्याच बरणीतलं लोणचं वाढलंय.
पण हे पदराखाली टोचतं,
बसलं की बरगडीला विचारतं, आहेस ना?

नसीमचाचीकडं परकर नेला.
आतून खिसा हवा, उजवीकडं.
काय ठेवणार?
मोबाईल.
चाचीनं माझ्याकडं बघितलं. खडूनं रेघ मारली,
मग ती पुसून मोठी मारली.
मांजरपाटाचं अस्तर दुहेरी घातलं,
कडेनं तीन तीन शिलाया.
नाडी बदल, म्हणाली, वजनानं खाली येईल.
पैसे घेतले नाहीत.
नसीमचाचीनं पैसे घेतले नाहीत असं
विट्यात अजून कुणी सांगितलेलं नाही.

आज सांगलीच्या स्टँडवरून विट्याची गाडी.
खिडकीची जागा, उजवी बाजू पत्र्याकडं.
कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं,
पायाशी वाकून बघितलं,
मावशी, सामान?

काही नाही, म्हटलं.
तासगाव आलं, गेलं.
उभ्या जन्मात वजनात खोटं बोलले नव्हते.
मागच्या बाकावर कुणीतरी
सारखं नाक ओढत होतं.