चढ यायच्या आधी

भिशीचे पंच्याहत्तर हजार
लॅबकोटच्या आतल्या खिशात,
आणि म्हापशाला कायतानच्या दुकानात
तीन सायकली. तिन्हींचे टायर
पिकल्या भोपळ्यासारखे जाड.

पहिलीची मोटर मागच्या चाकात.
स्वस्त, म्हणाला कायतान, सपाटीवर तर वारा.
मी विचारलं, चढावर?
तो फडक्याने सीट पुसू लागला.

त्याला माझा रस्ता ठाऊक नाही.
घरापासून सांखळीच्या आरोग्य केंद्रापर्यंत
डांबराने गेलं तर चौदा किलोमीटर,
बंद खाणीतून सात.
सात म्हणजे
सुटी खडी, तुपासारखी लाल माती,
हिरव्या पाण्याच्या खड्ड्याची कड,
मग काजूंमधली पाऊलवाट,
जिथे स्कूटरने मला दोनदा खाली ठेवलं.
एकदा हळूच. एकदा नाही.

दुसरीची मोटर मधोमध, पायडलांच्या आसाला.
एक लाख चाळीस.
मी हँडल सोडलं.

तिसरी कोपऱ्यात, टेकून.
मोरजीला दोन हंगाम पाहुण्यांना फिरवलेली,
बोल्टांवर खारा गंज,
कुणीतरी नखाने कोरलेलं एक परकं नाव.
मोटर हिचीही मध्येच,
माणसाचा जोर जिथून निघतो तिथे.
बॅटरी थकलीय, त्याने खरं सांगितलं,
साठ लिहिलेत, पस्तीस जाईल.
मला जाऊन-येऊन चौदा लागतात.
पस्तिसात माझे दोन दिवस बसतात
आणि वर एक बाजार.

मागच्या अंगणात, नारळाच्या आळ्याभोवती
एक फेरी मारली.
पायडल दाबलं, आणि तिने ढकललं नाही मला.
विचारलं फक्त, किती?
मी थोडं दाबलं, तिने थोडं दिलं.
इतक्या सभ्यपणे
मला अजून कोणी मदत केली नव्हती.

तो अठ्ठ्याहत्तर, मी सत्तर.
बहात्तर हजारांवर चिखलाचे पंखे फुकट,
उरलेल्यातून हेल्मेट.

घरी बाबांनी चष्मा कपाळावर नेला.
बावीस वर्षं त्याच खाणीत टिपर चालवला त्यांनी;
खाण मिटल्यापासून
त्यांच्या उजव्या हाताला काम नाही,
तो खुर्चीच्या दांड्यावर मधूनच
काहीतरी पुढे-मागे करत असतो.
म्हणाले, ही सायकल की स्कूटर, ते आधी ठरव गो.
पण रविवारी आले मागोमाग,
गुडघा धरत, दुसऱ्या टप्प्यापर्यंत.

मी चढ घेतला.
मध्यावर मोटर कण्हली, साखळी
हाड मोडल्यासारखी कडकडली,
आणि खालून आरोळी आली,
गियर! गियर कोण टाकतलो, तुजो बापूय?

हसायला हवं होतं. कुणीच हसलं नाही.
ते वर आले, धापा टाकत,
साखळीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.
चढ यायच्या आधी टाकायचा, म्हणाले,
चढावर नव्हे.
चढावर भरलेली गाडी कुणाचं ऐकत नाही.
मग वळणावर जाऊन उभे राहिले,
जिथे त्यांचा टिपर रोज थांबत असावा,
आणि हात वर केला.
हात खाली आला की पाय सैल सोडायचा,
एक दात हलका घ्यायचा,
मग दाबायचं.
सहा वेळा उतरले, सहा वेळा चढले.
सातव्या वेळी ते माझ्याकडे बघतच नव्हते,
डोळे मिटून ऐकत होते.

आज सोमवार.
मागे थर्माकोलच्या डब्यात
वाड्यावरच्या सहा जणांच्या रक्ताच्या नळ्या,
त्यातली एक बाबांची, साखरेसाठी.
खड्ड्यातल्या पाण्यावर एक पाणकावळा पंख वाळवतोय.
जाड टायर मातीवर
भाकरी थापल्यासारखा आवाज करतात.
अशा मोटरीला साखळी लवकर खपते,
कायतानने बजावलंय;
नऊशे रुपये तांदळाच्या डब्यात वेगळे ठेवलेत.

वळण आलं. तिथे कोणी नाही.
माझा अंगठा आपोआप हलतो.