नमुन्याचं फळ

आटपाडीच्या पॅकहाउसात सकाळी सातला
पट्ट्यावरून डाळिंबं सुटतात
आणि वर टांगलेला कॅमेरा
रंग बघतच नाही.
अंतर बघतो.
फळाचा कुठला ठिपका त्याच्यापासून किती लांब,
एवढंच त्याला कळतं.

रंग फसवतो, हे बायाक्का मेटकरींनी सांगितलेलं,
पहिल्याच दिवशी.
"कच्चं फळ चेंडूवानी ऱ्हातं.
पिकलं की त्याचं गाल बसत्यात."
म्हणजे आतून दाणे भरतात, साल ताणतात,
गोलाला हळूच कोपरे येतात.
मी वहीत लिहून घेतलं.
तेच पुन्हा गणितात लिहायला
अकरा आठवडे गेले, आणि चार हजार फळं.

त्या नखानं टिचकी मारायच्या,
मान कलती करून ऐकायच्या.
"ह्याला कान न्हाईत व्हय रं?"
नाहीत, म्हटलं.
"मग निम्मंच शिकवलंस."

दुपारी शटरच्या फटीतून ऊन आत आलं
की स्क्रीनवर फळाला भोक पडायचं,
काळं, आरपार.
मी आठवडाभर सेटिंग बदलत बसलो.
बायाक्कांनी फटीला गोणपाट ठोकलं.

आधी दर क्रेटमागं एक फळ चिरायचे.
दोन थेंब काचेवर, साखर मोजायला.
बाकीचं सगळं फळ
कुणाचं, हे कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.
ते डब्याच्या झाकणाखाली दडपून
संध्याकाळच्या वडापनं करगणीला जायचं.

गुरुवारी एकही फळ चिरलं नाही.
मालकांनी पाठ थोपटली.
अहवालात मी लिहिलं, नुकसान: शून्य.

बायाक्कांनी नळावर डबा विसळला,
उपडा धरून झटकला.
"धाकटा इचारतो, आये, डाळिंबं सरली का?"
हसल्याच त्या. तक्रार अशी नव्हतीच.
तेवढ्यात वडापचा हॉर्न वाजला.

सगळे गेल्यावर मी अहवाल पुन्हा उघडला.
यंत्र खरं बोलतंय का, हे बघायला
अधूनमधून फळ चिरावंच लागतं.
हे खोटं नाही.
किती फळांमागं एक, ती जागा रिकामी होती.
पाचशे लिहिलं.
बराच वेळ तसंच ठेवलं.
मग खोडून
शंभर केलं.