पट्टा न बांधता

वोर्म्सी बेटाकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर
पाटी असायची: पट्टा बांधू नका.
जमिनीवर जीव वाचवणारा नियम
इथे, बर्फ फुटला तर, माणसाला गाडीसकट तळाशी नेतो.
पहिल्या तासाला मी एवढंच सांगते
आणि तार्तूची पोरं वहीत उतरवून घेतात,
जणू उत्तर मिळालं.

माझे वडील ताव्हेत त्या रस्त्याचे नाकेदार.
लाल-पांढरी दांडी, शेगडी, गिरमिट,
आणि जाडी लिहायची वही.
सूर्य बुडाला की दांडी खाली.
"एकाला सोडलं तर तो अपवाद राहत नाही,
तो दुसरा रस्ता होतो," म्हणायचे.

फेब्रुवारीत एका रात्री एन्देल आला.
डिकीत इन्सुलिनचा डबा. पलीकडे म्हातारी लेइडा,
जिच्याकडे सकाळपुरतंच उरलं होतं.
दिवसभर ऊन पडलेलं. काठाशी बर्फ बावीस सेंटिमीटर,
मधल्या जुन्या भेगेपाशी कुणी मोजलेला नव्हता.

एन्देलनं हिशेब मांडला:
मी बुडायची शक्यता शंभरात दोन,
ती मरायची शंभरात साठ.
हिशेब चुकीचा नव्हता.
वडिलांनी दांडी उचलली नाही.
तेही चुकीचं नव्हतं.
इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात;
इथे चहूकडे एकच विहीर
आणि तिच्यावर पांढरं झाकण.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग वडिलांनी टोपी घातली,
डबा कोटाच्या आत घेतला, औषध गोठू नये म्हणून,
गिरमिट खांद्यावर टाकलं,
एन्देलला दांडीपाशी बसवलं.
"गाडी सोडायची नाही असं लिहिलंय.
माणसाबद्दल काही लिहिलेलं नाही."

लिहिलेलं होतं. मी पुढे वाचलं.

अकरा किलोमीटर, दर शंभर पावलांवर एक भोक.
भेग त्या रात्री गप्प राहिली.
तिच्या गप्प राहण्याला कुणाचा सद्गुण म्हणायचं?
वहीत त्यांच्याच अक्षरात आहे:
रात्री आठ ते सकाळी सात नाका सोडला.
तीन दिवसांचा पगार कापला गेला.
त्यांनी अर्ज केला नाही.

पोरं वाद घालतात. नियम, परिणाम, माणूस;
एकेकाचा एकेक झेंडा.
परवा मागच्या बाकावरून काइसा म्हणाली,
"बुडाले असते, तर तुम्ही ही गोष्ट कशी सांगितली असती?"
मी खडू ठेवला. घंटा व्हायला अजून अवकाश होता.

कारण एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही.
त्या रात्री नाक्याच्या खोलीत, शेगडीजवळ,
एक सात वर्षांची मुलगी होती.
आई नसलेली.
एन्देलच्या हिशेबात तिला धरलं नव्हतं,
वडिलांच्याही.
झोपली असेल, असं दोघांनी गृहीत धरलं.

मी जागी होते.
एन्देलनं मला चहा करून दिला, साखर फार पडलेली.
गाडीची किल्ली त्यानं टेबलावर
माझ्या बाजूला सरकवून ठेवली
आणि म्हणाला,
सकाळपर्यंत मला देऊ नकोस.