तीस दिवसांसाठी

सोहारच्या चर्चमधलं आमचं ऑफिस म्हणजे
एक टेबल, एक प्रिंटर, ठिबकणारा एसी
आणि त्याच्याखाली निळी बादली.
इथे मी बाप्तिस्म्याचे दाखले टाइप करते,
मल्याळी मिस्साची वेळ फोनवर हिंदीतून सांगते,
आणि पाहुण्या फादरांची कागदपत्रं
अबुधाबीला, बिशपांच्या ऑफिसात पाठवते.

फादर ग्रेशस फरोज बहिणीकडे आले होते, व्हिजिट व्हिसावर.
अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत सेलेब्रेटचं कार्ड, फोटोतले केस अजून काळे,
आणि वसईच्या बिशपांचं पत्र:
हा धर्मगुरू आमचा आहे, याच्यावर कसलीही बंदी नाही.
सव्वीस वर्षं वेदीपाशी उभा राहिलेला माणूस
मला विचारत होता,
"आणखी काय लागेल, बाय?"

मला उगाच लाज वाटली.
माझा नवरा चौदा वर्षं क्रेन चालवून इथे आला,
त्यालाही पुन्हा परीक्षा द्यावी लागली,
आणि पहिल्यांदा नापास झाला.
हे सांगितलं तर फादर हसले. म्हणाले,
"दुसऱ्याच्या वाडीतलं केळीचं पान कापायचं
तर आधी हाक मारावी लागते.
पान कमी पडेल म्हणून नव्हे गं.
वाडी कुणाची तरी आहे म्हणून."

शुक्रवारी ते शेवटच्या बाकावर बसले,
फिलिपिनो बायकांच्या मागे, गुडघे आवळून.
ओठ मात्र हलत होते,
वेदीवरच्या फादरांच्या अर्धा शब्द पुढे.
कुणीतरी ओळखलं, पापनिवेदनासाठी विचारलं.
"मला इथे मुभा नाही. चल,
मीही त्याच रांगेत उभा राहतोय."

मंगळवारी रात्री इस्पितळातून फोन.
मार्टिन कुजूर, स्मेल्टरवरचा वेल्डर, घर गुमलाच्या पलीकडे,
छातीवर लोखंड पडलेलं.
आमचे फादर बुरैमीला गेलेले,
वाटेत डोंगर, फोन लागेना.
अबुधाबीचं उत्तर नव्हतं.
मी तीनदा मेल उघडून पाहिली.

फादर ग्रेशस तोवर गाडीपाशी येऊन उभे होते.
"पण फादर, परवानगी..."
"मरणाच्या दारात लागत नाही.
कायद्यातच लिहिलंय तसं. तेल कुठे आहे?"

तेल कपाटात. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.
माझ्याविषयी कुठल्या कायद्यात काय लिहिलंय
मला ठाऊक नव्हतं.
कपाट उघडलं. कुपी रुमालात गुंडाळली.

शम्सा नावाच्या नर्सने पडदा ओढून घेतला
आणि टुकटुकणाऱ्या यंत्राचा आवाज बारीक केला,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मी बाहेर, पाण्याच्या मशीनपाशी.
आत त्याची सादरी आणि यांची मराठी
एकमेकींना मोडक्या हिंदीत शोधत होत्या,
मग तेही थांबलं.
शब्द मी ऐकले नाहीत.
ऐकले असते तरी इथे लिहिले नसते.

पहाटे मार्टिन गेला.

बुधवारी दुपारी पत्र आलं, शिक्क्यासकट:
अमुक अमुक यांस या प्रांतात सेवेची मुभा,
तीस दिवसांसाठी, आजपासून.
आजपासून.
तो शब्द मी पुन्हा वाचला.
मग नोंदवही काढली, मार्टिनच्या ओळीत
'कोणाच्या हस्ते' या रकान्यात
फादरांचं नाव लिहिलं
आणि तारीख मंगळवारचीच ठेवली.

फादरांनी कागद दोन्ही हातांत धरला,
शेजारणीकडून आणलेलं पातेलं धरावं तसा.
"हे परत कधी द्यायचं?"
"द्यायचं नाही, फादर.
तारीख आली की आपोआप संपतं."

त्यांनी मान हलवली, कागद पिशवीत सरकवला.
बादली काठोकाठ भरली होती.
जाताना ती उचलून त्यांनी
दाराबाहेरच्या बोगनवेलीला घातली,
आणि रिकामी पुन्हा
थेंबाखाली आणून ठेवली.