परत

या बेटावर मला एकतीस शब्द येतात.
त्यातले नऊ वाऱ्याचे.
बाकीचे म्हणजे डावा, उजवा, सरक, दे, माणूस मागे आहे,
आणि एक, आत्तुर.
आत्तुर म्हणजे परत.
पुन्हा कर या अर्थानं परत,
आणि मागे ये या अर्थानंही परत.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्याच आठवड्यात कॉर्नरचा सराव चालला होता,
होग्नीनं चेंडू झकास टाकला, मी ओरडलो, आत्तुर!
आणि माझी अख्खी बचावफळी
माना खाली घालून आपल्या गोलापर्यंत चालत गेली.
तिथे उभी राहिली, भिजत,
काय चुकलं ते मी सांगेन म्हणून.
उतारावरच्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या.

साल्तोला, नदीकाठच्या मैदानावर
चेंडू हरवला की संत्र्याच्या झाडाखाली सापडायचा,
पडलेल्या फळांत, त्यांच्याहून जरा मळका.
इथे तो समुद्रात जातो.
त्यासाठी एक माणूस आहे, याकुप, सत्तरी ओलांडलेला.
होडीत बसून असतो, बांधाखाली, जिथून मैदान दिसतच नाही.
गोल झाला की त्याला नुसत्या आवाजावरून कळतं,
कुणाचा.
कधी कधी आमच्याआधी.

त्रोंडुर थेट कारखान्यातून येतो.
हातमोजे चढवेपर्यंत मनगटावर सॅमनचे खवले चमकत असतात.
गुडघ्याचं मला कुणी विचारत नाही.
विचारलंच तर मी हवामान सांगतो.
उद्या पाऊस, सांगतो. अजून एकदाही चुकलेलो नाही.

माझा शेवटचा सामना, एकसष्टावं मिनिट.
रेषेबाहेर फलक वर गेला, लाल दिव्यांत चार.
मी समोरच्यांच्या चार नंबरकडे पाहिलं.
बिचारा, म्हटलं.

आता मी चुन्याच्या चौकटीत उभा असतो,
कोटाच्या खिशात हात, खिशात कागद,
कागदावर बाण, भिजून एकमेकांत मिसळलेले.
डावीकडून चेंडू आला की
माझ्याआधी माझा पाय निघतो.
चौथा पंच बोट दाखवतो, आत.
शाळेतही मला असंच कोपऱ्यात उभं करायचे,
पण तिथे तोंड भिंतीकडे असायचं.

शनिवारी एयुनला बाहेर काढला.
छत्तीस वर्षांचा, सुतार, अर्ध्या गावाची छपरं त्याच्या हातची.
दोन्ही गोल त्याच्या पाठीमागून झाले होते.
मी आकडा सांगितला, फलक वर गेला, पाच.
एयुननं समोरच्यांच्या पाच नंबरकडे पाहिलं.

मग आला, ना धावत ना चालत.
मी माझा कोट पुढे केला.
एकतिसांतला एकही शब्द उपयोगाचा नव्हता.
माझ्या भाषेतले दोन होते,
तेही मला कुणी त्या दिवशी म्हटले नव्हते,
म्हणून म्हणायचे कसे ते ठाऊक नव्हतं.
कोट त्यानं घेतला. खांद्याला तो आखूड झाला.

रविवारी नेलिदाचा फोन. मागून आई,
त्याला विचार, जेवतो का नीट.
नेलिदा विचारते, येणार कधी.
करार ऑक्टोबरपर्यंत आहे, मी म्हणतो.
तोवर संत्री संपत येतील रे, ती म्हणते,
आणि मग दोघंही काही वेळ
एकमेकांच्या घरातला आवाज ऐकत राहतो,
तिच्याकडे कुत्रा, माझ्याकडे वारा,
नऊपैकी चौथा, जो खिडकीच्या फटीतून शिटी घालतो.

मंगळवारी एयुन सरावाला आला नाही.
सराव संपल्यावर आला, हत्यारांची पेटी घेऊन.
कपडे बदलायच्या खोलीचं दार वर्षभर नीट लागत नव्हतं.
माझा कोट त्यानं घडी करून बाकावर ठेवला,
बिजागरी काढली, घासली, बसवली,
दार लावलं, कानोसा घेतला.
आत्तुर, स्वतःशीच म्हणाला,
उघडलं, लावलं.
मी शिट्टी खिशात घातली आणि दिवा धरून उभा राहिलो.
काहीच बोललो नाही आम्ही.

जाताना
पेटी मात्र तिथेच ठेवून गेला.