उतार

शेफील्डमध्ये सपाट असं काही नाही.
आमच्या गल्लीत तर फुटपाथला लोखंडी कठडा आहे,
तो धरधरून म्हातारी माणसं दूध आणायला जातात.
अशा गावात, दुसऱ्या मजल्यावर,
हीटरला पाय लावून
मी यंत्राला वर, खाली, आत, बाहेर शिकवते.

ऑड्री म्हणते, आधी त्याला जागा दे, अर्थ येईल मागून.
म्हणून प्रत्येक वाक्याला एक चौकट, एक बाण.
'गोष्ट हाताबाहेर गेली': हात म्हणजे कुंपण.
'डोक्यावरून गेलं': स्टॉपवर बस थांबली नाही.
'त्याने तिचा अपराध पोटात घातला':
इथे यंत्राने विचारलं, चावून की तसाच?
ऑड्रीला इंग्रजीत सांगितलं
तर हसताना तिचा चहा सांडला.
मग म्हणाली, राग पोटात, माया पोटात, गुपितंही तिथेच.
मावतं तुमच्या पोटात एवढं?
मावतं, म्हटलं. दुसऱ्याचं बरं झालं की दुखतं फक्त.

गुरुवारी चारलाच अंधारलं.
उदाहरणं संपली होती, आकडा भरायचा होता.
मी टाइप केलं,
'शरयू माझ्या मनातून उतरली.'
खरं नाव घालायचं नसतं. घातलं.

यंत्राने लिहिलं:
मन, उंच जागा. शरयू, आधी वर, आता खाली.
'पडली' नाही, 'उतरली'.
अर्थी पायऱ्या असाव्यात.
ती नाहीशी झालेली नाही.
किती खाली आहे, ते वाक्यात दिलेलं नाही.

मी लाल खूण करायला हवी होती.
या वाक्प्रचारात पायऱ्या कुठल्या?
अकरा वर्षांपूर्वी, भर पंगतीत,
बहीण एक वाक्य बोलली, जिव्हारी लागलं.
जिव्हार कुठे असतं
हे यंत्राला मी अजून सांगितलेलं नाही.
मलाही चौकट काढता आली नसती.

खूण न करताच निघाले.
कठड्यावर बर्फाची पातळ साय,
खाली ट्रामचे दिवे.
नाशकात आता साडेदहा वाजले असतील.
ती जागी असते. म्हणजे, असायची.

चढापेक्षा उतारावर गुडघे जास्त दुखतात,
हे कुठल्या रकान्यात भरायचं
ते उद्या ऑड्रीला विचारायला हवं.