मागं घेताना

सावद्याला, केळीच्या वखारीमागं,
ट्रक मागं घेताना वाजली ती चाल.
चायनीज भोंगा, फाटका, एक सूर गिळलेला,
तरी ओळखली मी.
हमालाचं पोरगं फळीवर तळवा आपटत होतं :
येऊ दे, येऊ दे, येऊ दे

साल आठवत नाही. वाफेची इंजिनं अजून होती,
म्हणजे भुसावळ काळं होतं,
दोरीवरच्या धोतरावर संध्याकाळपर्यंत
काजळीची मोहरी.
रेल्वे दवाखान्याच्या मेट्रन ऑड्री परेरा
दर गुरुवारी इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये चाळीस माणसं उभी करत :
फिटर, खलाशी, दोन गार्ड, तिकीटघरातल्या मिस लोबो,
मिशनच्या शाळेतल्या बाया,
आणि उंची कमी म्हणून पुढं मी, पाटलाचा पोर,
पावाला लोणी मिळतं म्हणून आलेला.

फळ्यावर मराठी अक्षरांत जर्मन कविता.
दोन व्यंजनांमधे श्वासाला जागा नाही अशी भाषा,
लिहिताना खडू मोडायचा.
अर्थ?
अर्थ मागाहून, बाई म्हणायच्या, आधी तोंड उघडा.

अर्थ आला तो मे महिन्यात, पंखा बंद असताना.
ही कविता आनंदाची,
आणि त्यांच्या भाषेत आनंद पुरुष नाही, बाई आहे.
तिलाच हाक मारतोय कवी.
मागच्या रांगेत शांतवन तायडे, बॉयलर शॉपचे,
बाईंचे ओठ वाचत होते. मोठ्यानं बोलले,
बहिरा माणूस हळू कसा बोलणार :
"आनंदी व्हती ना आमच्या आयीत एक.
बऱ्हानपूरले देल्ली तिले. मंग आता कोठी येती!"

हॉल हसला. बाईही.
मग एका ओळीपाशी त्या अडल्या.
तिथं सगळ्या माणसांविषयी काही होतं,
कोण कोणाचं कोण लागतं याविषयी.
शॉपमध्ये पाण्याचे माठ दोन होते त्या वर्षी.
बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, पुढं.

तायड्यांचे कान रिव्हेटांनी नेले.
तेवीस वर्षं बॉयलरच्या पोटात बसून
बाहेरून पडणाऱ्या घणाला आतून टेकू द्यायचा.
घंटेत राहायला गेलेला माणूस.
गाताना ते बाकाला गुडघा लावून उभे राहत,
पियानोचा खर्ज लाकडातून वर चढायचा,
हाडाहाडानं गळ्यात.
चाल लावणाराही बहिराच होता,
बाईंनी एकदा चिठ्ठीवर लिहून दाखवलं.
त्यांनी ती वाचली, घडी केली, डब्याच्या झाकणात ठेवली.
"कोन्त्या शॉपात व्हता?"

नाताळाआधीचा शनिवार. साहेब लोकांच्या खुर्च्या,
मागच्या अंगणातून भाजल्या वांग्यांचा धूर.
शेवटचा सूर थांबला. पियानो थांबला. टाळ्या.

तायडे थांबले नाहीत.
डोळे मिटलेले. बाहेर यार्डात मालगाडी जात असेल,
तिचा हादरा गुडघ्याला पियानोच वाटला असेल.
एकटे, खर्जात, परक्या भाषेत
त्या बाईला हाक मारत राहिले.
टाळ्या विझल्या, साहेबांनी खिशात हात घातले,
कोणी खोकलंसुद्धा नाही.

मीच गेलो मागं. बाही ओढली.
ते वळले,
समोरची गप्प तोंडं एकेक करून पाहिली.
"झालं का?"
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
आज विचाराल तर सांगता येणार नाही.

ट्रक फळीला लागला. पोरानं दोनदा तळवा मारला : बस, बस.
ड्रायव्हरनं गिअर काढला तशी चाल तुटली,
नेमकी तिथं, जिथं मागची रांग उठायची.
मी इकडंतिकडं पाहिलं.
फळीला गुडघा लावला, आणि पुढची ओळ
जेमतेम ओठांत म्हटली असेल नसेल

"बाबा, सरका ना तिकडे.
माल येऊ राह्यला."